दुसरी रेघ कोण काढतं?

"मावशी, रेघ आहे, पण नसल्यासारखी आहे. धरू का नको?"

गेल्या महिन्यात सकाळी सव्वासहाला नाशिकहून भाचीचा फोन आला. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. गर्भचाचणीची पांढरी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर एक ठसठशीत गुलाबी रेघ आणि शेजारी, दुधात कुंकवाचं बोट बुडवावं तशी पुसट दुसरी. मी बरीच वर्षं संशोधनाच्या प्रयोगशाळेत अँटीबॉडी हाताळते, त्यामुळे असे फोन घरात माझ्याकडेच येतात. तिला काय करायचं ते दोन मिनिटांत सांगितलं. पण मग तिने विचारलं, "त्या कागदाला कळतं तरी कसं गं?" त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं.

त्या पट्टीला गर्भ दिसत नाही, हे आधी मनात पक्कं करून घ्या. लघवीत एका विशिष्ट रेणूचा एक विशिष्ट तुकडा आहे की नाही, एवढंच तिला कळतं. ते ओळखण्याचं काम करते अँटीबॉडी. ती अँटीबॉडी रेणूला नेमकी कुठे पकडते, यावर रेघ खरी की खोटी, रिपोर्टातला आकडा मोठा की लहान, हे सगळं ठरतं.

हे हार्मोन येतं कुठून?

फलित झालेलं बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला बहुतेक वेळा आठ ते दहा दिवस लागतात. रुजलं की त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एक हार्मोन सोडू लागतात. याच पेशींपासून पुढे वार, म्हणजे प्लॅसेंटा, तयार होते. हार्मोनचं पूर्ण नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन. रिपोर्टवर ते एचसीजी असतं, आपणही तेच म्हणू. अंडाशयाला निरोप पोचवणं हे त्याचं काम: प्रोजेस्टेरॉन बनवणं थांबवू नकोस, या महिन्यात पाळी येऊ देऊ नकोस.

सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि मग उतरतं. रक्तातून ते मूत्रपिंडावाटे लघवीत येतं. रात्रभर साठलेली लघवी दाट असते, म्हणून सकाळची पहिली घ्या असं सांगतात. घरगुती पट्ट्या साधारणपणे मिलिलिटरमागे 25 मिली-युनिट एचसीजी असेल तर ओळखतात. शिखरावर हाच आकडा लाखाच्या घरात जातो. पंचवीस ते लाख, एवढा मोठा पल्ला एका कागदाच्या पट्टीला सांभाळायचा असतो. पुढे एक विचित्र चूक याच पल्ल्यातून निघते.

पूर्वी हे हार्मोन ओळखायला जनावर लागायचं. 1927 च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक या दोघांनी बाईची लघवी उंदराच्या पिल्लांना टोचून, काही दिवसांनी त्यांना मारून त्यांची अंडाशयं तपासायची पद्धत काढली. मग ससे आले, त्यानंतर आफ्रिकेतले बेडूक आले. बेडकीने अंडी घातली की बाई गरोदर. बेडकी निदान जिवंत तरी राहायची.

अँटीबॉडी म्हणजे काय, आणि ती उंदराकडून का घ्यायची?

शरीरात काही परकं शिरलं की त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं रक्तात तयार होतात. त्यांना अँटीबॉडी म्हणतात, पाठ्यपुस्तकात प्रतिपिंड. तिला दोन हात असतात आणि हाताच्या टोकाशी एक खाच असते. त्या खाचेत नेमकी बसेल अशीच गोष्ट ती धरते.

माणसाचं एचसीजी उंदराला परकं. ते टोचलं की उंदीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतो, पण एका प्रकारची नाही, शेकडो प्रकारच्या. कुणी हार्मोनच्या पाठीला धरते, कुणी पोटाला, कुणी शेपटीला, कुणाची पकड घट्ट तर कुणाची सैल. हे मिश्रण म्हणजे रायवळ आंबा. गोड निघेल, पण पुढच्या कोयीचं झाड तसंच निघेल याचा भरवसा नाही. तो प्राणी गेला की तेवढं मिश्रण संपलं, दुसऱ्या प्राण्याचं वेगळं.

1975 साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी यावर जो उपाय काढला, तो कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. त्यांनी कलम बांधलं. उंदराच्या प्लीहेतली एकेक पेशी एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवते, पण बशीत ती फार दिवस जगत नाही. कर्करोगाची पेशी कितीही दिवस वाढत राहते. दोन्ही एकत्र जुळवल्या. खुंट दणकट जातीचा, फांदी हापूसची. अशा हजारो कलमांमधून हवी ती अँटीबॉडी देणारं एक निवडायचं आणि तेवढंच वाढवायचं. पिढ्यान्‌पिढ्या तीच अँटीबॉडी, तीच खाच, तीच पकड. अशा अँटीबॉडीला मोनोक्लोनल म्हणतात आणि त्या एका कलमाला क्लोन. 1984 चं नोबेल त्यांना नील्स येर्ने यांच्यासोबत मिळालं. आज मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीत अशाच एखाद्या क्लोनची अँटीबॉडी वाळवून ठेवलेली असते.

आडनाव सारखं, नाव वेगळं

आता खरी अडचण. शरीरात एचसीजीची तीन भावंडं आहेत: एलएच, एफएसएच आणि टीएसएच. पहिल्या दोघांचा संबंध पाळीच्या चक्राशी, तिसऱ्याचा थायरॉइडशी. पुरुषांच्या रक्तातही ही तिन्ही असतात. चारही हार्मोन दोन तुकडे जोडून बनतात, अल्फा आणि बीटा. अल्फा तुकडा चौघांचाही एकच, 92 अमिनो आम्लांचा (ही जणू प्रथिनांची अक्षरं). बीटा तुकडा ज्याचा त्याचा.

म्हणजे अल्फा हे आडनाव आणि बीटा हे नाव. पत्रावर नुसतं ‘कुलकर्णी’ लिहिलं तर पोस्टमन वाड्यातल्या कुठल्याही कुलकर्ण्यांच्या दारात पत्र टाकणार. अल्फाला पकडणारी अँटीबॉडी एकटी वापरली तर तेच होतं. गरोदर नसलेल्या बाईच्या एलएचलाही ती मिठी मारते.

मग नाव वाचायचं. पण नावंसुद्धा मिळतीजुळती. एलएचचा बीटा तुकडा 121 अमिनो आम्लांचा, एचसीजीचा 145 चा, आणि दोघांचा बराचसा मजकूर एकसारखा. एक सुरेश आणि दुसरा सुरेशचंद्र म्हणा ना. शेवटचं ‘चंद्र’ फक्त एचसीजीला आहे. मधल्या मजकुरातही काही अक्षरं वेगळी आहेत. चांगली अँटीबॉडी एक तर त्या शेपटीला धरते, नाहीतर घडीच्या आतल्या एखाद्या अशा वळणाला धरते जे एलएचला नाही.

हे पहिल्यांदा नीट जमवलं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या ज्युडिथ वायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टाइन आणि ग्रिफ रॉस यांनी. नुसता बीटा तुकडा सशाला टोचून त्यांनी एचसीजी आणि एलएच वेगळे ओळखणारी अँटीबॉडी मिळवली आणि 1972 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या डोळ्यांसमोर घरगुती पट्टी नव्हती. वारेच्या पेशींचा एक कर्करोग असतो, त्याच्या गाठी एचसीजी सोडतात. औषधाने गाठ पुरती गेली की एखादा कण उरला आहे, हे कळायला अगदी थोडं एचसीजीही मोजता यायला हवं होतं. बायकांचा जीव वाचवण्यासाठी केलेल्या त्या कामावर पुढची सगळी गर्भचाचणी उभी राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पट्टी उघडून पाहिली तर

वापरलेली पट्टी टाकण्याआधी एकदा नखाने तिचं प्लास्टिक उघडून बघा. थेंब टाकतो त्या खिडकीखाली पांढरा जाडसर तुकडा असतो. त्याला लागून, चिंचोळा, डाळिंबी रंगाचा डाग पडल्यासारखा दुसरा तुकडा. मग कागदासारखी गुळगुळीत पांढरी पट्टी, आणि टोकाला टिपकागदासारखा जाड तुकडा, जो लघवी पुढे ओढून घेतो.

बहुतेक पट्ट्यांमधला तो डाळिंबी रंग म्हणजे खरं सोनं. सोन्याचे कण इतके बारीक केले, साधारण 40 नॅनोमीटर, की ते पिवळे न दिसता लाल दिसतात. केसाच्या जाडीत असे दोनेक हजार कण शेजारी शेजारी बसतील. प्रत्येक कणावर एचसीजी ओळखणारी अँटीबॉडी चिकटवलेली असते.

आता वारी डोळ्यांसमोर आणा. लाल टोपीवाले स्वयंसेवक वाटेतच एकेका वारकऱ्याचा एक हात धरून चालू लागतात. पुढे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या टोपीचे स्वयंसेवक दोरीला बांधल्यासारखे रांगेत उभे आहेत, ते वारकऱ्याचा दुसरा हात धरतात. वारकरी दोघांनी धरला की तो आणि त्याच्याबरोबरची लाल टोपी तिथेच थांबते. शेकडो लाल टोप्या एका रांगेत थांबल्या की लांबून लाल रेघ दिसते. वारकरी म्हणजे एचसीजी, लाल टोपी म्हणजे सोन्यावरची अँटीबॉडी, पांढरी टोपी म्हणजे कागदावर रेघेत पक्की बसवलेली दुसरी अँटीबॉडी. वारकरीच आला नाही तर लाल टोप्या रिकाम्या हाताने पुढे निघून जातात.

या दोन अँटीबॉडींनी हार्मोनला वेगवेगळ्या जागी धरावं लागतं. दोघी एकाच हातावर तुटून पडल्या तर जोडी जमत नाही. किट बनवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ ही जोडी जुळवण्यात जातो.

आणि ती पहिली, नेहमी उमटणारी कंट्रोलची रेघ? तिथे सहसा उंदराच्या कोणत्याही अँटीबॉडीला धरणारी बकरीची अँटीबॉडी असते. लाल टोप्या तिथवर पोचल्या, एवढीच ती ग्वाही देते. ती उमटली नाही तर पट्टी बाद.

मग चूक होते कशी?

सगळ्यात जास्त चूक घाईमुळे होते. बीज रुजायलाच दहा दिवस लागले असतील आणि पाळी चुकायच्या आधीच चाचणी केली, तर हार्मोन अजून पंचवीसच्या खालीच असणार. पट्टी खोटं बोलली नाही, तिला विचारायची वेळ चुकली. दुसरी चूक उशिरा पाहण्याची. अर्ध्या-एक तासाने कागद वाळल्यावर एक राखाडी ओरखडा दिसतो, त्याला रंग नसतो. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच पाहायचं.

याच्या उलट चूक जास्त चमत्कारिक आहे: हार्मोन इतकं, की रेघच नाही. पुन्हा वारीकडे या. वारकरी थोडे असतील तर हिशोब जमतो. पण लाखो लोटले, तर लाल टोप्यांचे हात पहिल्या काही हजारांतच संपतात. मागून आलेले, लाल टोपी न मिळालेले वारकरी पांढऱ्या टोप्यांचे सगळे हात अडवून बसतात. ज्यांच्याबरोबर लाल टोपी आहे त्यांना तिथे जागाच मिळत नाही. गर्दी प्रचंड, रेघ मात्र पुसट किंवा गायब. द्राक्षगर्भासारख्या विकारात, जिथे वारेच्या पेशी बेसुमार वाढतात, असं घडू शकतं. लॅबमधला अनुभवी माणूस अशा वेळी नमुना पातळ करून पुन्हा तपासतो आणि रेघ परत येते.

पॉझिटिव्ह आली पण गर्भ नाही, असंही होतं. वंध्यत्वाच्या उपचारात दिलेलं एचसीजीचं इंजेक्शन आठ-दहा दिवस तरी अंगात राहतं. गर्भपातानंतर हार्मोन ओसरायला काही आठवडे जातात. पुरुषांच्या वृषणाच्या काही कर्करोगांतही एचसीजी वाढतं, तिथे ही चाचणी निदानाला मदत करते.

एक प्रकार मात्र मला अस्वस्थ करतो. काही माणसांच्या रक्तात प्राण्यांच्या अँटीबॉडींना धरणाऱ्या स्वतःच्या अँटीबॉडी असतात. लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या यंत्रातही पट्टीसारखीच अँटीबॉडींची जोडी असते, त्या दोघींना या परस्पर जोडतात. वारकरी नसतानाच लाल टोपी आणि पांढरी टोपी एकमेकांचे हात धरून उभ्या. यंत्र म्हणतं, एचसीजी आहे. सन 2000 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात अशा बारा बायकांची नोंद आली. त्यांच्या शरीरात ना गर्भ होता ना गाठ, तरी रक्ताच्या या खोट्या आकड्यावरून कर्करोग समजून उपचार झाले, कुणावर केमोथेरपी तर कुणावर शस्त्रक्रिया. खरं तर ही चूक लघवीच्या साध्या चाचणीने पकडता येते, कारण त्या गडबड करणाऱ्या अँटीबॉडी आकाराने मोठ्या, लघवीत उतरत नाहीत. रक्तात एचसीजी आणि लघवीत काहीच नाही, असं दिसलं की आधी चाचणीवर संशय घ्यावा.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही रक्त देताना तसं सांगावं. काही यंत्रांत अँटीबॉडी पकडून ठेवायला बायोटिनचाच धागा वापरलेला असतो. अंगात बायोटिन जास्त असलं की तो धागा सुटतो आणि अशा चाचणीत एचसीजी खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

दोन लॅब, दोन आकडे

"सोमवारी एका लॅबचा बीटा एचसीजी एवढा, बुधवारी दुसरीचा कमीच आला, बाळाचं काही बिघडलं का?" हा प्रश्न मी रडवेल्या आवाजात ऐकला आहे.

रक्तातलं एचसीजी एकाच रूपात नसतं. अख्खं असतं, कुठे चीर पडलेलं असतं, सुटा बीटा तुकडा असतो, आणि लघवीत तर बीटाचा उरलेला गाभाच मोठ्या प्रमाणात असतो. एका लॅबच्या यंत्रातली जोडी यातली तीन रूपं पकडते, दुसरीची दोनच. एकाच बाजाराचा हिशोब एकाने भाजी आणि फळं मिळून मांडला, दुसऱ्याने नुसती भाजी. दोघांचाही हिशोब बरोबर आहे. म्हणून अठ्ठेचाळीस तासांनी आकडा किती वाढला हे पाहायचं असेल तर दोन्ही वेळा त्याच लॅबमध्ये जा.

संशोधनाची कुपी आणि घरची पट्टी

माझ्या फ्रीजरमध्ये उणे वीस अंशांवर बोटाच्या पेराएवढी एक कुपी आहे. आत शंभर मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब. लेबलवर क्लोनचं नाव, ‘माऊस’, ‘बीटा एचसीजी’, आणि खाली: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही.

लोक विचारतात, अँटीबॉडी तीच ना, मग एवढी ताकीद कशाला? कारण कुपीतल्या अँटीबॉडीला एकाच प्रकारच्या प्रयोगात तपासलेलं असू शकतं. आमच्या एका पद्धतीत प्रथिनं साबणासारख्या रसायनात उकळून पार उलगडतात. कागदाची होडी उलगडून सपाट केली तर होडीचा आकार ओळखणारा तिला ओळखणार नाही, कागदावरची अक्षरं वाचणारा ओळखेल. एखादी अँटीबॉडी घडी घातलेलं एचसीजी उत्तम पकडते आणि उलगडलेल्याला हातही लावत नाही, एखादीचं उलटं. म्हणून नवी कुपी आली की मी आधी वारेचा पातळ छेद काचेवर घेते आणि त्यावर ती लावून बघते. सूक्ष्मदर्शकाखाली निळसर पेशींच्या प्रत्येक अंकुराभोवती तपकिरी काठ उमटला, साडीला असतो तसा, आणि आतला भाग कोरा राहिला, तर ती अँटीबॉडी कामाची. शेजारी एचसीजी न बनवणाऱ्या ऊतीचा छेदही ठेवते. तिथेही तपकिरी आलं तर कुपी बाजूला.

ही कटकट सगळे करत नाहीत, हे विज्ञानाचं खरं दुखणं आहे. 2015 मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन या संशोधकांनी नेचर या नियतकालिकात शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी मागणी केली, की संशोधनाच्या अँटीबॉडींची जनुकीय ओळख नोंदवा आणि त्या त्यावरूनच बनवा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात 65 प्रथिनांवरच्या 614 अँटीबॉडी एकाच काटेकोर पद्धतीने तपासल्या, त्यांतल्या अर्ध्याहून अधिक कुठल्या ना कुठल्या प्रयोगात नापास झाल्या. निदानाच्या किटला मात्र प्रत्येक बॅच सारखी निघते, हे दाखवावं लागतं. आपल्याकडे ते 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना पाहते. कॅटलॉगमधली कुपी कुणी निदानाला वापरू पाहत असेल तर त्याला थांबवायलाच हवं.

हीच अँटीबॉडी शरीरात बनवली तर?

दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी हा प्रश्न उलटा केला. एचसीजीच्या निरोपावर गर्भ टिकतो, तर बाईच्या शरीरालाच एचसीजीविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लावून गर्भधारणा टाळता येईल का? 1994 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. 148 स्त्रियांना लस दिली, त्यातल्या 119 जणींच्या रक्तात अँटीबॉडी ठरवलेल्या पातळीच्या वर गेली, आणि ती तशी असताना 1224 पाळीचक्रांत एकच गर्भ राहिला. पण पाचांतल्या एकीला पुरेशी अँटीबॉडी झालीच नाही, आणि ज्यांना झाली त्यांचीही काही महिन्यांत ओसरे. रोजच्या वापरातल्या गर्भनिरोधक गोळीशी त्या लशीची बरोबरी झाली नाही. तरीही एचसीजी थांबलं की गर्भ थांबतो, याचा इतका स्पष्ट मानवी पुरावा क्वचितच मिळाला असेल.

मग पट्टीवर किती विश्वास ठेवायचा?

बराच ठेवायचा, पण तिच्या मर्यादेत. सरकारी ‘निश्चय’ किट आशाताईंच्या पिशवीत असतं. पाड्यावरच्या बाईला दवाखान्याची पायपीट न करता पहिल्या महिन्या-दीड महिन्यात कळतं, बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवलं जातं, रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या वेळेत सुरू होतात. हे दोन थेंबांत होतं, याचं मोल मी कमी लेखणार नाही.

गर्भ कुठे रुजला आहे, हे मात्र पट्टी सांगू शकत नाही. तो गर्भनलिकेत अडकला तरी वारेच्या पेशी एचसीजी सोडतातच आणि रेघ येतेच.

म्हणून भाचीला सांगितलं: वेळेत दिसली आणि गुलाबी आहे, तर पुसट असली तरी रेघ धर. परवा सकाळी पहिल्या लघवीने पुन्हा कर, गडद व्हायला हवी. फॉलिक ॲसिड आजच सुरू कर. डॉक्टरांकडे नाव घाल, त्या सांगतील तेव्हा सोनोग्राफी. आणि पोटात एका बाजूला कळ आली, खांदा दुखला, चक्कर आली किंवा रक्त गेलं, तर तिसरी पट्टी आणायला मेडिकलमध्ये जाऊ नकोस. रिक्षा कर आणि थेट हॉस्पिटल गाठ, मध्यरात्र असली तरी.